गाडीतला कुबट वास पुन्हा पुन्हा येतोय? शॅम्पू काढण्याआधी हे बघा

चिपळुणात गाड्यांचं इंटिरिअर साफ करायचं काम मी चौदा वर्षं करतोय. जुलै लागला की येणाऱ्या बहुतेक गाड्यांची तक्रार एकच असते: "दादा, वास मारतोय. मागच्याच महिन्यात ड्रायक्लीन केलं होतं." आरशाला दोन परफ्यूम लटकत असतात, एक एसीच्या जाळीत खोचलेला असतो आणि सीटखाली डांबराच्या गोळ्या. त्या गोळ्या आधी काढा. बंद गाडीत त्यांचा वास लहान मुलांना बाधतो आणि गोळी गोडाची समजून तोंडात घालणारंही एखादं पोर असतं. कापराचंही तेच.

लक्षणं

आपल्या गाडीत यातलं काय काय आहे ते जुळवून बघा. पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

- एसी लावल्यावर पहिली दोन-चार मिनिटं ओल्या मोज्यांसारखा वास येतो, मग कमी होतो.
- एसीचा काही संबंध नाही; गाडी दोन दिवस उभी राहिली की दार उघडताच कोंदट भपकारा येतो.
- रबरी मॅट उचलून खालचं मॅटिंग बोटांनी दाबलं की पाणी वर येतं.
- सकाळी काचा आतून घामेजलेल्या असतात.
- ब्रेक मारला किंवा घाटात वळण घेतलं की दारात नाहीतर डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येते.
- सीटबेल्ट, स्टिअरिंग, सीटच्या शिवणी यांवर पांढरट-हिरवट बुरशी दिसते.
- डिकीतला पुठ्ठा फुगलाय, स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी आहे.
- वास कुबट नाही, गोडसर आहे आणि पुढच्या काचेवर आतून चिकट थर बसतोय.

शेवटचं लक्षण असेल तर मधलं सगळं सोडा आणि "इथे थांबायचं" या भागाकडे जा.

आधी पाणी शोधा

बुरशीला ओल लागते. गाडीत ओल आहे म्हणजे पाणी कुठून तरी आत येतंय, किंवा आतलं पाणी बाहेर जात नाहीये. हे न शोधता सीट शॅम्पूने धुतली तर आपण त्यात आणखी दोन-तीन लिटर पाणी घालतो. जुलैत कोकणात हवाच इतकी ओली असते की सीटचा फोम आठवडाभर वाळत नाही. चार दिवस शॅम्पूचा सुवास येतो आणि पाचव्या दिवशी पहिल्यापेक्षा वाईट वास.

हे मी स्वतः केलंय. सुरुवातीच्या वर्षांत एका शिक्षकांची गाडी एका पावसाळ्यात मी तीनदा धुतली, तीनदा पैसे घेतले. चौथ्यांदा ते आले तेव्हा शेजारच्या गॅरेजमधल्या मेकॅनिककाकांनी गाडीखाली वाकून बघितलं, एक रबरी नळी दाबली आणि भडाभडा पाणी खाली आलं. सरांनी काही म्हटलं नाही. म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

तर आता तपासण्या. पहिल्या तिन्हींना जवळपास काही खर्च नाही.

१. वर्तमानपत्राची परीक्षा

मॅट काढा. चारही पायांच्या जागी आणि डिकीत मॅटिंगवर कोरडं वर्तमानपत्र पसरा. गाडी रात्रभर पावसात उभी करा, एसी लावू नका. सकाळी कागद बघा. दुसऱ्या दिवशी नवे कागद टाका, गाडी चारही बाजूंनी मोकळ्या छपराखाली उभी ठेवूनच तासभर एसी चालवा. पुन्हा कागद बघा.

पावसाने कागद भिजला तर गाडी बाहेरून गळतेय. एसीने भिजला तर एसीचं पाणी आत सांडतंय. दोन्ही वेळा कोरडा राहिला आणि वास तरी आहे, तर ओल जुनी आहे किंवा वास एसीच्या कूलिंग कॉइलचा आहे. या एका परीक्षेने निम्मं काम होतं, पण दोन दिवस कुणाला थांबायचं नसतं.

एक लक्षात ठेवा, पाणी जिथे दिसतं तिथूनच आलेलं असतं असं नाही. आमच्याकडे गाड्या चढावर लावलेल्या असतात. नाक वर असेल तर पुढे शिरलेलं पाणी मॅटिंगखालून वाहत मागच्या सीटच्या पायाशी साठतं, आणि माणूस मागच्या दाराचं रबर बदलत बसतो. परीक्षेच्या रात्री गाडी सपाट जागी लावा.

पाण्याचा रंगही बघा. एसीचं पाणी स्वच्छ असतं, पावसाचं मातकट असतं, त्यात पाल्याचा कुजका वास असतो. हिरवं, लाल किंवा गुलाबी आणि बोटांना चिकटणारं असेल तर ते इंजिनाचं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव आहे.

२. एसी वापरायची सवय

एसी चालतो तेव्हा डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल थंड होते आणि हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते. आपण घरी पोचतो, गाडी बंद करतो आणि ती ओली कॉइल अंधारात रात्रभर तशीच राहते. पहिल्या दोन-चार मिनिटांचा वास बऱ्याचदा एवढ्यानेच येतो. घर पाच मिनिटांवर आलं की एसीचं बटण बंद करा, ब्लोअर चालू ठेवा आणि बाहेरची हवा आत घेणारं सेटिंग लावा. कॉइल बरीचशी वाळते. आठवडाभर करून बघा. फरक पडला तर पुढचा खर्च वाचला.

३. वायपरखालची जाळी

बॉनेट उघडा. पुढच्या काचेच्या तळाशी वायपरच्या खाली प्लास्टिकची जाळी असते. काचेवरून वाहणारं पाणी तिथून खाली जातं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून बाहेर पडतं. गाडी आंब्याखाली किंवा गुलमोहराखाली लावत असाल तर तिथे पाल्याचा लगदा सापडणारच. भोक बुजलं की पाण्याची पातळी वाढते आणि ते ब्लोअरला हवा देणाऱ्या तोंडातून सरळ आत येतं. पाला हातानेच उचला. पाइपाने जोरात पाणी मारून आत ढकलू नका, तो पुढच्या वळणात अडकतो. मग तांब्याभर पाणी हळू ओता आणि ते चाकाच्या मागून खाली पडतंय का बघा.

सनरूफ असेल तर त्याच्या चौकटीच्या कोपऱ्यांत अशीच भोकं असतात आणि तिथून नळ्या खांबांतून खाली उतरतात. कोपऱ्यात चहाचा अर्धा कप पाणी ओतून बघा. खाली आलं नाही तर तार घालू नका. नळी आत निसटली तर छताचं कापड उतरवावं लागतं.

४. केबिन फिल्टर

बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. बॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली झुकतो आणि मागे पट्टीसारखं झाकण दिसतं. काही गाड्यांच्या खालच्या मॉडेलला जागा असते पण फिल्टरच नसतो, तेव्हा सापडला नाही तर घाबरू नका. काळा पडलेला, ओलसर किंवा पाल्याने भरलेला फिल्टर सरळ बदला. गाडीप्रमाणे दोनशेपासून हजारापर्यंत पडतो. कागदी फिल्टर धुऊन वाळवून परत घालू नका, त्याचे तंतू सुटतात आणि ओल तिथेच राहते. त्यावरचा बाण हवेच्या दिशेचा असतो. जुना कसा बसवलाय त्याचा काढण्याआधी फोटो घ्या.

इथे उंदराच्या लेंड्या, कापसाचं घरटं किंवा कुरतडलेला फिल्टर सापडला तर हात मागे घ्या. व्हॅक्यूम लावू नका, झटकूही नका. ती धूळ श्वासात जाते. आणि उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो हे कोकणात वेगळं सांगायला नको. दारं उघडून अर्धा तास हवा जाऊ द्या. मास्क आणि रबरी हातमोजे घाला. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण कागदी रुमालावर घेऊन घाण पाच मिनिटं भिजू द्या, मग उचलून पिशवीत बांधून टाका. ब्लीच फक्त प्लास्टिकवर. ते फिनेल, व्हिनेगर किंवा संडास धुवायच्या अ‍ॅसिडबरोबर कधीही मिसळू नका. अ‍ॅसिडबरोबर क्लोरीन वायू निघतो, आणि गाडीएवढ्या डब्यात तो माणसाला आडवा करतो.

५. एसीची ड्रेन नळी

सरांच्या गाडीचा दोष हाच होता, आणि आजही सगळ्यात जास्त हाच सापडतो. कॉइलवरचं पाणी एका रबरी नळीने गाडीखाली टपकायला हवं. गाडी उघड्यावर उभी करा, एसी फुल्ल लावून पंधरा मिनिटं थांबा आणि खाली बघा. पावसाळ्यात धार नाही तरी टपटप हवीच. खाली कोरडं आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायाशी ओलं, तर नळी बुजली आहे.

बुजते ती धुळीने, चिखलाने आणि कुंभारमाशीने. ही माशी कुठल्याही बारीक भोकात मातीचं घर बांधते; उन्हाळ्यात गाडी जरा उभी राहिली की तिला आयती नळी मिळते.

नळीचं टोक वरून बॉनेटमधून दिसत असेल तर गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी वीतभर आत सारून हलकेच फिरवा. लोखंडी तार नको. नळीला किंवा कॉइलच्या पेटीला भोक पडेल. हवेची गनही नको. जोराच्या हवेने नळी आतल्या बाजूला सुटते, मग पाणी कायमचं पायाशी. खालून शिरायची गरज असेल तर गॅरेजला न्या. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये, "दोनच मिनिटं" म्हणूनसुद्धा नाही.

हे करताना आणि पुढे गाडी वाळवताना इंजिन चालू असेल तर बंद पार्किंगमध्ये नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

६. दारं, काचा, डिकी

इथे दोन माणसं लागतात. एक आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेर साधा पाइप घेऊन, प्रेशर मशीन नको. पाणी खालून सुरू करा आणि दर दोन मिनिटांनी वर सरका. वरून सुरू केलं तर सगळंच भिजतं आणि काही कळत नाही.

दारात पाणी शिरणं हा दोष नव्हे. काचेच्या फटीतून ते आत जातंच आणि दाराच्या खालच्या कडेच्या भोकांतून बाहेर पडतं. भोकं मातीने बुजली की दारात खळखळ ऐकू येते. आइस्क्रीमच्या काडीने उघडतात. पण दाराच्या पॅडमागे एक प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. स्पीकर बदलताना किंवा पॉवर विंडो दुरुस्त करताना तो फाडला आणि परत नीट चिकटवला नाही, तर पाणी पॅडवरून मॅटिंगवर उतरतं. म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारतो: वर्षभरात दाराचं पॅड कुणी उघडलं होतं का? पुढची काच बदलली होती का? निम्म्या वेळा माणूस आधी नाही म्हणतो आणि चहा घेताना त्याला आठवतं.

डिकीत पाणी असेल तर मागच्या लाइटच्या मागचं रबर आणि डिकीचं बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी बघा. बीडिंगमध्ये कागदाची पट्टी ठेवून डिकी बंद करा आणि पट्टी ओढा. सहज निघाली तर तिथे दाब नाही.

आता साफसफाई

पाणी थांबलं याची खात्री झाल्यावर. उघड्यावर, चारही दारं उघडून, मास्क लावून.

कोरडी बुरशी ब्रशने घासू नका, सगळ्या गाडीभर उडते. आधी ओलसर कापडाने टिपा, ते कापड बाजूला टाका, मग व्हॅक्यूम. कापडी सीटसाठी लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर सौम्य लिक्विड साबण, तो फेटून फक्त फेस वापरायचा. वीतभर जागा घ्या, मऊ ब्रशने फेस फिरवा, पिळलेल्या मायक्रोफायबरने टिपा, मग पुढची वीत. सीटवर पाणी ओतायचं नाही हे मी माझ्याकडे काम करणाऱ्या मुलांना रोज सांगतो. फोम तर भिजतोच, पण पुढच्या सीटमध्ये माणूस बसलाय की नाही हे ओळखणारा सेन्सर असतो आणि सीटखाली वायरिंग. सीट धुतल्यानंतर बेल्टचा किंवा एअरबॅगचा दिवा लागला की त्याचं कारण बहुतेक वेळा ही बादली असते.

लेदरवर व्हिनेगर, सॅनिटायझर, स्पिरिट नको, रंग उतरतो. स्क्रीनला जवळजवळ कोरडं मायक्रोफायबर पुरे. बटणांवर आणि सॉकेटवर काहीही थेट फवारू नका, कापडावर फवारून पुसा. स्टिअरिंग आणि पेडलवर पॉलिश मारणारा डिटेलिंगवाला भेटला तर तिथून निघा. चमकतं छान, पण पाय घसरतो.

सीटबेल्टची काळजी वेगळी घ्यायची. पूर्ण बाहेर ओढा, वर कपड्यांचा चिमटा लावा म्हणजे आत ओढला जाणार नाही, साबणाच्या फडक्याने एकाच दिशेने पुसा, साध्या पाण्याच्या फडक्याने परत पुसा आणि रात्रभर तसाच वाळू द्या. ब्लीच अजिबात नको. बुरशीचा डाग जातो पण पट्ट्याची ताकदही जाते. आणि अपघाताआधी ते कुणाला कळत नाही. धागे सुटलेला बेल्ट धुवायचा नसतो, बदलायचा असतो.

डाग काढायला पेट्रोल, रॉकेल, थिनर वापरणारे अजून आहेत. बंद गाडीत त्याची वाफ साठते आणि व्हॅक्यूमच्या एका ठिणगीने पेटते. एवढंच पुरे.

छताचं कापड नुसत्या गोंदावर असतं. भिजवलंत की लोंबतं. ओलसर फडका फिरवा आणि सोडून द्या.

वाळवायला ऊन नसेल तर एसी आणि गरम हवा एकदम लावा: एसीचं बटण चालू, तापमानाचा नॉब गरमकडे. हवा कॉइलवरून जाताना पाणी सोडते आणि गरम कोरडी होऊन बाहेर येते. काचा बोटभर उघड्या, अर्धा तास. नंतर घरचा टेबल फॅन दारात. मॅटिंगखाली वर्तमानपत्रांच्या घड्या घालून सहा तासांनी बदला. कोळसा, कॉफी पूड यांनी वास थोडा ओढला जातो, ओल नाही. वास मारायला ओझोन वायू सोडणारं मशीन लावणारे हल्ली बरेच झालेत. ते चालू असताना गाडीत बसू नका आणि नंतर दारं उघडून चांगली हवा जाऊ द्या. गळती असेल तर त्याचेही पैसे वायाच.

इथे थांबायचं

मॅटिंगखालचा फोम भिजलेला असेल तर सीट काढावी लागते. सीटखाली पिवळं सॉकेट दिसलं की हात लावू नका, ती एअरबॅगची आणि बेल्टची लाइन आहे. चुकीच्या वेळी काढली तर दिवा लागतो, आणि फुटली तर हात जातो. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीत नारिंगी वायर दिसली तरी तेच. काही हायब्रिडमध्ये मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा देणारी जाळी असते, तिथे फेससुद्धा जाऊ देऊ नका.

गोडसर वास आणि काचेवर चिकट थर म्हणजे हीटरच्या कॉइलमधून कूलंट गळतंय. हे साफसफाईचं काम नाही. इंजिन ओव्हरहीट व्हायच्या आत मेकॅनिककडे न्या. पेट्रोलचा किंवा जळकट वास असेल तर गाडी चालवत नेऊ नका, त्याला बोलवा.

ड्रेन नळी मोकळी, फिल्टर नवा आणि तरी एसीचा वास जात नसेल तर कॉइल साफ करावी लागेल. फवारायचा फोम बाजारात मिळतो, पण बऱ्याच डब्यांतला गॅस पेट घेणारा असतो. इग्निशन बंद, दारं उघडी आणि डब्यावर लिहिलंय तेवढंच करा. एसीच्या जाळीतून फिनेल मारू नका. त्याने भागलं नाही तर डॅशबोर्ड उतरवून कॉइल काढावी लागते, त्यात एसीचा गॅसही काढावा लागतो. ते एसीवाल्याचं काम, माझंही नाही.

आणि पुराची गाडी. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर कितीतरी महिने आम्ही चिखलाच्या गाड्या बघत होतो. पाणी सीटपर्यंत चढलं असेल तर चावी फिरवू नका, बटण दाबू नका, आतून धुवायला घेऊ नका. चिखलासकट फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी टोइंगवर उचलून न्या. आधी धुतलेल्या गाडीत पाणी कुठवर आलं होतं हे विम्याच्या सर्व्हेअरला दाखवायला काही उरत नाही, असं मी दोन जणांच्या बाबतीत पाहिलंय.